जोडणी तोडल्यावर

पहाटे पाचला फोनचे दर निम्मे,
म्हणून शाल्मली पावणेपाचलाच आली,
स्वेटरवर शाल, हातात तीन फ्लॉप्या.
माधोगंजात दूधवालाही उठला नव्हता.

"चित्रं नाहीत यात आजोबा, नुसती अक्षरं."
बरंय, म्हटलं.
चौतीस वर्षं टपालाच्या डब्यात, झाशी ते इटारसी,
मी अक्षरंच पाहिली. माणसं क्वचित.

काळा पडदा, त्यावर राखी ओळी.
एका फाइलीत लिहायचं :
कुठून आणायचं, कुठे ठेवायचं, किती वेळ थांबायचं.
एका जागी विसर्ग राहिला
(ती त्याला कोलन म्हणते)
आणि तेच नऊशे बारा संदेश तीनदा उतरले.
बिल आलं. कुमुदने काही न बोलता
ते फ्रिजवर चिकटवलं.

आता जमलंय.
मॉडेम किंचाळतो, चिमट्याने ताट खरवडल्यासारखा.
चार मिनिटं. थैली आत, थैली बाहेर.
मग खट्.
जोडणी तुटली, असं पडद्यावर येतं
आणि वाचन तिथून सुरू होतं.
गाडीतही असंच होतं. फलाटावरची थैली आत पडली
की स्टेशनाशी संबंध संपला,
पुढल्या थांब्यापर्यंत जग तेवढंच
जेवढं थैलीत.

छाननीचे नियम मी स्वतः लिहिले.
भाच्याचं या खणात, बँकेचं त्या,
लॉटरी लागल्याचं सगळ्यात खाली,
जिथे आम्ही गळकी पार्सलं ठेवायचो.

एक गट आहे, छोट्या रुळांच्या वेड्यांचा.
वेल्समधला एक आणि पेरूतला एक
महिनाभर एका बोल्टवरून भांडताहेत.
तिसऱ्याने विचारलं :
ग्वाल्हेर–श्योपूर गाडीचं बाक किती रुंद?
कुमुदच्या मशीनच्या डब्यातली टेप घेऊन
मी स्टेशनवर गेलो.
गार्ड म्हणाला, "क्या सिलवा रहे हो, बाऊजी?"

उत्तर लिहून बाहेरच्या पेटीत ठेवलं.
पहाटेपर्यंत ते माझंच.
रात्री दोनदा उठून एक शब्द बदलला,
दुसऱ्यांदा पुन्हा होता तोच केला.
लाल पेटीने हे सुख
कधी कुणाला दिलं नाही.

मंगळवारी एक पत्र परत आलं.
द्वारकाप्रसाद कुशवाहला लिहिलेलं.
डब्यात माझ्या डाव्या हाताला बसायचा,
आता भिलाईला, मुलाकडे.
इंग्रजी मजकूर, खाली सही नाही :
असा कुणी इथे नाही.

"काढून टाका," शाल्मली म्हणाली, "पत्ता मेलाय."

अगं, पत्ता मेला हे ठरवायला
आमच्याकडे आख्खं ऑफिस होतं.
आणि तिथे जाण्याआधी कागद
तीन माणसं दिव्याखाली धरायची.
'लसकर' पोचलं. 'लक्षकर' पोचलं.
'मामाची चक्की, पुलाखाली' हेसुद्धा
दोन दिवस उशिरा, पण पोचलं.

त्याचं पोस्टकार्ड शोधलं, चष्मा पुसला.
नावामागचा आकडा मी सात वाचला होता.
द्वारकाच्या एकाला मोठी टोपी असते.
एवढी वर्षं शेजारी बसून
हे मला माहीत असायला हवं होतं.

सात खोडून एक केला
आणि लाइट गेली.
यूपीएस टिटवीसारखा ओरडायला लागला,
त्याच्याकडे आठ मिनिटं असतात.
मी साठवलं. तळाशी ओळ आली :
जाणारी पत्रं, १.

आतून कुमुदने विचारलं,
"फोन मोकळा आहे का? ताईला लावायचाय."
मोकळाच आहे, म्हटलं.
पाच वाजायला अजून
सात तास होते.